वरवंट्याचं बारसं

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. दगडाला कोण घाबरतं? मीही हसले होते. पण ज्या घरात हे घडलं त्या घरातलं आता कुणी हसत नाही. म्हणून आधीच सांगते, यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

आणि रात्र वगैरे काही नव्हती हं.

२०२२ चा मार्च. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळची सोसायटी, तिसरा मजला, टळटळीत दुपार. खाली भंगारवाला ओरडत होता, शेजारी कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. असल्या वेळी काही वाईट येत नाही, अशी आपली समजूत असते.

हर्षाली ही माझी मामेबहीण. नवरा शेखर, अंबडला एका कंपनीत सुपरवायझर. सासू साळूबाई चांदवडकडच्या खेड्यात राहायच्या, कांद्याच्या वावरात. मुलाच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमायचा नाही आणि सुनेशी त्यांचं फारसं सूतही जुळायचं नाही.

हर्षालीला जुन्या वस्तूंचं भारी वेड. टीव्हीशेजारी जातं, जात्यावर मनीप्लँट. खिडकीत अडकित्ता, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा. सगळ्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर. यातली कोणती वस्तू कशाला वापरायची, कुणी वापरायची, कधी हात लावायचा नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "किती गोड दिसतंय ना!" एवढं म्हटलं की झालं.

वरवंटा तिला भद्रकालीच्या बाजारात मिळाला, दिवस भरत आलेले असताना. जुन्या सामानाच्या दुकानात एका कोपऱ्यात पडला होता. काळाभोर, गुळगुळीत, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. आकार तान्ह्या बाळाएवढा.

"याचा पाटा कुठंय?" शेखरने विचारलं.

"पाटा नाय साहेब, एकटाच आलाय," दुकानदार भिकन म्हणाला. "गोणीत येतं, गोणीत जातं. कुणाच्या घरचं हाय, कोण इचारतो?"

पाटा-वरवंटा हे जोडपं. जुन्या बायका एकाला सोडून दुसऱ्याला घरात आणत नसत. हर्षालीला ते माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. माझी बहीण आहे, मी ओळखते तिला.

मग मुलगा झाला. गोरापान, टपोऱ्या डोळ्यांचा. नाव आधीच ठरलेलं, रुद्र. बारसं घरातच करायचं ठरलं.

साळूबाई गावाहून आल्या त्या पहिलं हेच म्हणाल्या, "वरवंटा हाय का घरात?"

बारशाला वरवंटा लागतो, हे जुन्या लोकांना सांगायला नको. बाळाच्या आधी पाळण्यात तो जातो. त्याला न्हाऊ घालतात, कुंची घालतात. मग दोघी बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून खालून-वरून तो एकमेकींना देतात. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.' काही वाईटसाईट यायचं असेल तर ते आधी दगडावर यावं. दगडाचं काय बिघडतंय? नंतर त्याला बाजूला ठेवतात, बाळाला पाळण्यात घालतात आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते.

साळूबाईंच्या घरात आणखी एक रीत होती. त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, वरवंट्याची कुंची काढायची आणि त्याने पाट्यावर खडेमीठ वाटायचं.

म्हणजे तो पुन्हा दगड होतो.

हर्षाली खूश झाली. तिच्याकडे वरवंटा होताच! तिने त्याला लाल खणाची कुंची शिवली, काजळाचा ठिपकासुद्धा लावला.

बारशाच्या दुपारी घर बायकांनी भरलं होतं. साळूबाई स्वयंपाकघरात घुगऱ्यांना फोडणी देत होत्या. वरवंटा खालून-वरून देऊन झाला, पाळण्यात ठेवला गेला. आता बाळाला आणायचं. पण रुद्रने भोकाड पसरलं. आईने त्याला आत नेऊन पाजावं म्हणून सगळ्या थांबल्या.

त्याला पाजून, झोपवून हर्षाली बाहेर आली. खिडकीतलं ऊन पाळण्यावर अगदी छान पडलं होतं. थोड्या वेळात ते सरकणार होतं.

"वहिनी, तो उठेपर्यंत ऊन जाईल," शेखरची बहीण छाया म्हणाली. "आपण याच्यावरच शॉट घेऊन टाकू. कुंचीत कुणाला काय कळतंय?"

हर्षालीने मोबाइल धरला.

छाया पाळण्यावर वाकली. दगडाच्या निमुळत्या टोकाशी तोंड नेलं. "कुर्रर्र..." आणि मग हळूच, "रुद्र."

बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. टाळ्या वाजल्या. रील झकास आलं.

छाया मात्र तशीच वाकून राहिली होती.

"वहिनी..."

"काय गं?"

"हा गरम लागतोय."

"उन्हात आहे तो. गरमच लागणार ना!"

पुन्हा सगळ्या हसल्या. मग बाळाला आणलं, त्याच्या कानातही नाव सांगितलं. ते ढिम्म. एवढा कुर्रर्र करूनही त्याने डोळे उघडले नाहीत.

पाहुणे पांगायला लागले तेव्हा छायाने कौतुकाने आईला रील दाखवलं. साळूबाईंनी ते पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. त्यांच्या हातातली घुगऱ्यांची वाटी खाली आली.

"आधी दगडाच्या कानात नाव सांगितलं?"

"अहो आई, नुसतं व्हिडिओसाठी..."

"सूनबाई, कुंची काढ त्याची. मीठ वाट. दिस बुडायच्या आत."

"पाटा नाहीये आपल्याकडे."

"मग फरशीवर वाट! ऊठ!"

"फरशीवर ओरखडे पडतील. उद्या बघू ना आपण."

"उद्या नाय चालत! त्यानं नाव घेतलंय पोराचं. त्याला नाव राहू दिऊ नको, माझं ऐक."

हर्षाली दमलेली होती. बाळंतीण बाई, दिवसभर उभी. तिचं डोकं तडकलं. "तुमचं गावाकडचं सगळं इथं आणू नका हो आई. दगड आहे तो. चटणी वाटायचा दगड!"

शेखर मधे पडला, पण दोघींपैकी कुणीच माघार घेईना. सासूने पिशवी भरली. "माझ्या शब्दाला जिथं किंमत नाय तिथं घोटभर पाणी प्यायची नाय मी," म्हणाल्या, आणि शेखरला त्यांना एसटी स्टँडवर सोडायला जावं लागलं.

कुंचीतला वरवंटा हर्षालीने शोकेसमध्ये ठेवला. तसाच, काजळासकट. रागाच्या भरात आणखी एक फोटो टाकला.

सूर्य मावळला.

पुढचे काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी बाळाला घेऊन हर्षाली आडवी झाली होती. शेखर कामावर. डोळा लागतो न लागतो तोच...

गर्रर्र...

हॉलमधून आवाज आला. फरशीवरून काहीतरी जड घरंगळावं तसा. थोडं इकडे. थोडं तिकडे.

ती उठून गेली. हॉलमध्ये कुणी नव्हतं. वरवंटा शोकेसमध्ये जागच्या जागी.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या यशोदाबाई दारात उभ्या. "हर्षाली, दुपारचं काय फिरवता गं घरात? रोजचं झालंय. डोक्यावर कुणी लाटणं फिरवतंय असं वाटतं."

"आमच्याकडे कुणी काही फिरवत नाही काकू."

"मग काय मला स्वप्न पडतंय?" यशोदाबाई फणकारून गेल्या.

म्हणजे आवाज फक्त तिलाच येत नव्हता.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. बाळ रडत नव्हतं. आधी सगळ्यांनी कौतुक केलं, किती गुणी पोर! पण रडत नव्हतं म्हणजे अजिबात नाही. भूक लागली तरी नाही, सुई टोचली तरी नाही. अंगावर प्यायला घेतलं की तोंड बाजूला करायचं. टपोरे डोळे छताला लागलेले. वजन उतरायला लागलं.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कान ठीक, छाती ठीक, रक्त ठीक. "असं का होतंय, कळत नाहीये," डॉक्टर म्हणाले, "पण वजन असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करावं लागेल."

घरी आल्यावर हर्षालीने बाळाला पलंगावर ठेवलं आणि त्याच्या तोंडाजवळ वाकून हाक मारली.

"रुद्र..."

बाळ हललं नाही.

हॉलमध्ये...

गर्रर्र.

तिने वळून दाराकडे पाहिलं. वाटलं, भास असेल. तिने बाळाकडे बघत पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने.

"रुद्र."

गर्रर्र... आवाज जवळ आला. पॅसेजमध्ये.

आता गप्प बसायला हवं होतं. पण आईचं मन, तिला वाटलं बाळ एकदा तरी आपल्याकडे बघेल. रडतच तिने तिसऱ्यांदा नाव घेतलं.

ठक्.

बेडरूमच्या उंबऱ्याला काहीतरी येऊन धडकलं.

लाल खणाची कुंची. काजळाचा ठिपका तिच्याकडे वळलेला.

शेखर घरी आला तेव्हा ती बाळाला छातीशी धरून पलंगाच्या कोपऱ्यात बसली होती. वरवंटा उंबऱ्यातच. त्याने तो उचलला आणि पटकन खाली ठेवला. कुंची ओली होती. तिला दुधाचा वास येत होता.

शेखरने आईला फोन लावला. हर्षालीने त्याच्या हातून मोबाइल घेतला. "आई, माझं चुकलं. या तुम्ही. माझं पोर चाललंय हो..."

मानपान सगळं बाजूला ठेवून साळूबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. एसटीने, आपला घरचा पाटा गोणपाटात गुंडाळून. त्या वयात तो धोंडा तीन मजले कसा चढवला, त्यांचं त्यांना माहीत.

स्वयंपाकघरात पाटा मांडला. वरवंट्याची कुंची काढली. पाट्यावर मूठभर खडेमीठ टाकलं. हर्षाली बाळाला घेऊन बेडरूममध्ये बसली.

साळूबाईंनी वरवंट्याला दोन्ही हात घातले. "चल," त्या दात-ओठ खात म्हणाल्या, "कामाला लाग. दगड हायेस तू, दगड."

आणि पहिला हात ओढला.

आतून बाळाने किंकाळी फोडली.

"रडला! आई, रडला!" हर्षाली ओरडली. एवढ्या दिवसांनी तो आवाज ऐकून तिला हसू आणि रडू एकदम आलं. बाहेर साळूबाईंनाही हुरूप आला. त्यांनी आणखी जोर लावला. मीठ करकरलं. बाळ आणखी मोठ्याने किंचाळलं, पार बेंबीच्या देठापासून.

हर्षालीने त्याला थोपटायला पाठीवर हात ठेवला...

हाताला ओलं लागलं.

तिने झबलं वर केलं. कोवळ्या पाठीवर लालभडक ओरखडे. वरून खालपर्यंत. आणि त्या ओरखड्यांत पांढरे कण चमकत होते.

मीठ.

"थांबा!" ती बाहेर धावली. "आई, थांबा! याला लागतंय!"

साळूबाईंनी नातवाची पाठ पाहिली. त्यांचे हात वरवंट्यावरून गळून पडले. त्या बाईला मी खंबीर म्हणून ओळखते, वावरात नाग निघाला तर काठी घेऊन उभी राहणारी. त्या दिवशी ती फरशीवर बसून कपाळ बडवून घेत होती. "मीच माझ्या नातवाला वाटला गं..."

शेखरचं माथं फिरलं. त्याने वरवंटा गोणपाटात कोंबला, मोटारसायकलवर टाकला आणि कुणाचं न ऐकता गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, निघून गेला. बाळाच्या पाठीला हळद-तूप लावत दोघी बसल्या होत्या. जरा वेळाने बाळाचं रडणं थांबलं.

मग ते आचके द्यायला लागलं.

ओठ निळे पडले. नाकातून पाणी आलं. स्वच्छ, थंड पाणी, धार लागल्यासारखं. दुधाचा मागमूस नाही. साळूबाईंनी त्याला पालथं धरलं, तरी येतच होतं. हर्षालीने शेखरला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला.

"काय झालं?"

"बाहेर काढा त्याला! पाण्यातून बाहेर काढा आधी!"

नशीब म्हणा, देवाची कृपा म्हणा, तो कडेलाच गुडघाभर पाण्यात उभा होता आणि गोणपाट नुकतंच हातातून सोडलेलं. त्याने ते ओढून काढलं. इकडे बाळाने श्वास घेतला.

त्यानंतर त्या दगडाला कुणी धक्का लावला नाही. फोडायचं म्हटलं तर काय होईल, हे बोलायचीसुद्धा कुणाची छाती झाली नाही. शेखर भद्रकालीत भिकनला गाठायला गेला, कुणाच्या घरचा वरवंटा, एवढं तरी कळावं म्हणून. भिकनने हात वर केले. गोणी कुठून आली, त्याला खरंच आठवत नव्हतं.

शेवटी साळूबाईंनीच तोडगा काढला. "त्यानं नाव घेतलंय, ते घेऊ दे. आपण आपल्या पोराला दुसरं देऊ."

पाळणा नाही, पाहुणे नाहीत, फोटो नाहीत. दार लावून छायाने बाळाच्या कानात नवं नाव सांगितलं. आयुष.

बाळाने डोळे वळवले. आईकडे पाहिलं. आणि रडायला लागलं, भुकेलं पोर रडतं तसं. हर्षालीने त्याला छातीशी घेतलं आणि ते प्यायला लागलं. चौघंही तिथंच उभे राहून रडत होते, असं छायाने मला सांगितलं.

वरवंटा मागच्या खोलीत ठेवला. पाळण्यात. रोज सकाळी त्याला न्हाऊ घालतात, दुधाचं बोट लावतात. त्या नावाने घरात कुणी हाक मारत नाही. गर्रर्र थांबलं. हर्षालीने बाकीच्या सगळ्या जुन्या वस्तू काढून टाकल्या, इन्स्टाग्राम बंद केलं. साळूबाई तिथंच राहिल्या. सासू-सुनेचं आता इतकं पटतं की बघणाऱ्याला नवल वाटावं.

"त्याला त्याचं मिळालं, आम्हाला आमचं," हर्षाली मला फोनवर म्हणायची. "माझा आयुष सुखरूप आहे सायली, बास. आणखी काही नको मला."

तीन वर्षं मी तिच्या घरी जायचं टाळलं. शेवटी गेल्या दिवाळीनंतर गेले. संध्याकाळचे दिवे लागत होते. हर्षाली चहा टाकत होती, साळूबाई देवापाशी. आयुष माझ्याजवळ आला. अंगाने जरा लहानखुरा, पण हसरा, बोलका. मी त्याला पेढा दिला.

त्याने तो खाल्ला नाही. मुठीत धरून मागच्या खोलीपर्यंत गेला, दाराच्या फटीतून आत सरकवला आणि परत येऊन माझ्यासमोर हात पसरला.

"आता मला दे."

"पहिला कुणाला दिलास रे?"

"दादाला. आधी दादा."

हर्षाली चहाचे कप घेऊन येत होती, ती दारातच थांबली. त्या दगडाला घरात कधी कुणी दादा म्हटलं नव्हतं. आयुषला त्या खोलीत जायची परवानगीच नव्हती.

मी उगाच हसून विचारलं, "आधी दादाला नाही दिलं तर?"

आयुषने आईकडे पाहिलं. मग माझ्या कानाजवळ आला, लहान मुलं गुपित सांगताना येतात तसा. पण त्याला हळू बोलता येत नव्हतं अजून. सगळ्यांना ऐकू आलं.

"मग झोपल्यावर तो छातीवर येऊन बसतो. मला ओरडता येत नाही."

कपबशा खाली पडून फुटल्या. हर्षालीने धावत येऊन त्याचा सदरा वर केला.

त्याच्या छातीवर मधोमध काळानिळा डाग होता. लांबट. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. एका दिवसाचा नव्हता तो. कडा जुन्या होऊन पिवळ्या पडल्या होत्या, त्यावर नवा वळ, त्यावर आणखी एक.

"किती दिवसांपासून रे? मला का नाही सांगितलंस?" ती त्याला हलवून हलवून विचारत होती.

"तो म्हणतो, आई माझी आहे," आयुष म्हणाला. "तुला सांगितलं तर तो छातीवरून उठणारच नाही म्हणतो."

मी तिथून निघाले तेव्हा ती त्याला घट्ट कवटाळून जमिनीवर बसली होती. साळूबाई मागच्या खोलीच्या दाराशी हात जोडून उभ्या होत्या. आत काही वाजत नव्हतं. एकदम शांत होतं.

त्यानंतर मी हर्षालीला रोज सकाळी फोन करते. ती उचलते, "हो, उठलाय आयुष," एवढंच म्हणते आणि ठेवून देते.

आज तिने अजून फोन उचललेला नाही.